क्लिनिकलचं मूल्यमापन: "प्रेमळ", "उत्साही" या रकान्यांत मी काय लिहू?

सावली_दुपारची
नमस्कार मंडळी. इथे नर्सिंगमधले बरेच जण आहेत म्हणून थेट विचारते. मी १४ वर्षं वॉर्डात काढली, आता ४ वर्षं झाली क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे, म्हणजे विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डात उभी असते. पोस्टिंग संपलं की प्रत्येकाचा फॉर्म भरायचा. प्रोसिजरचे मार्क द्यायला काही वाटत नाही, कॅथेटर (लघवीची नळी) घालताना निर्जंतुकता पाळली की नाही ते डोळ्यांना दिसतं. अडतं ते शेवटच्या पानावर. तिथे "वैयक्तिक गुण" म्हणून रकाने आहेत: प्रेमळ, सहनशील, उत्साही, प्रामाणिक, आत्मविश्वास. प्रत्येकाला ५ पैकी मार्क.

माझ्या बॅचमध्ये एक मुलगी आहे, इथे तिला क म्हणते. अजिबात बोलत नाही. राउंडला सगळ्यांच्या मागे. आधीच्या दोन पोस्टिंगमध्ये उत्साहाचे २ आणि आत्मविश्वासाचे २ मिळालेत तिला. मागच्या आठवड्यात आमच्याकडे एक आजी होत्या, तीन शिफ्ट त्यांच्या पेपरवर "गोंधळलेल्या, सहकार्य करत नाहीत" असं लिहून येत होतं. क त्यांचं तोंड पुसायला गेली तेव्हा मी लांबून बघत होते. तिने डावीकडून हाक मारली, आजी ढिम्म. ही पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेली, खाली वाकली, काहीतरी बोलली आणि आजी तिच्याशी बोलायला लागल्या. मला वाटलं असेल काहीतरी, मी दुसऱ्या बेडकडे वळले. दुसऱ्या दिवशी मी मुलांना आजींच्या बेडपाशीच पेशंटला वेळ-काळाचं भान आहे का ते कसं तपासायचं ते दाखवत होते, आजी उत्तरच देईनात, तेव्हा क हळूच म्हणाली, "मॅडम, काल उजव्या कानाने ऐकत होत्या." खण उघडला तर कानाचं मशीन रुमालात गुंडाळून ठेवलेलं. ते लावल्यावर आजींनी नाव, वार, कशासाठी ॲडमिट झाल्या, सगळं सांगितलं.

म्हणजे जे तीन शिफ्टना दिसलं नाही ते हिला दिसलं. पण तिने ते आदल्या दिवशी कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे आजी आणखी एक रात्र "गोंधळलेल्या" राहिल्या. आता हिला किती मार्क देऊ?

माझं मत असं झालंय की रकानेच चुकलेत. प्रेमळ असणं हा स्वभाव झाला. वॉर्डात कामाला येते ती सवय, ती दिसते आणि शिकवता येते. पुढच्या बॅचसाठी फॉर्म बदलायची परवानगी मिळालीय मला. तुम्ही सांगा कोणत्या सवयी खरंच उपयोगी पडल्या. आदर्श परिचारिकेवर निबंध नको, वॉर्डात घडलेलं सांगा.

कोपऱ्यातला
रुमाल टाकून ठेवतो. नर्सिंगमधला नाही, पण वाचणार.

थेंब_थेंब
११ वर्षं आयसीयू. माझा पहिला गुण: श्वास पूर्ण एक मिनिट मोजणं.

हसू नका. कुठल्याही वॉर्डातले चार्ट काढून बघा, सगळे पेशंट १८ किंवा २०. सगळे! मोठ्या माणसाचा श्वास साधारण १२ ते २० असतो म्हणून त्यातलाच एखादा आकडा टाकून द्यायचा, हे सर्रास चालतं. आणि तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा सगळ्यात आधी हाच आकडा हलतो. बीपी शरीर बराच वेळ धरून ठेवतं, तरुण पेशंटमध्ये तर खूपच, ते पडेपर्यंत उशीर झालेला असतो.

मी नवीन असताना सर्जिकलला होते, रात्री अडीचला एक पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट. बीपी ११० / ७०, ऑक्सिजन ९७. चार्टवर सगळं छान. पण तो सारखा पांघरूण काढत होता, परत घेत होता, उशी फिरवत होता. दुखतंय का विचारलं तर म्हणे नाही, उगाच कसंतरी होतंय. नाडी बघायला म्हणून मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं, नजर छातीवर. (पेशंटला कळलं आपण श्वास मोजतोय की तो वेगळा श्वास घ्यायला लागतो, म्हणून नाडीच्या निमित्ताने मोजायचं.) श्वास २८, नाडी ११८, हात गार. डॉक्टरांना उठवलं. आतून रक्त जात होतं. पहाटे परत ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं, वाचला.

तेव्हा मला कुणी आत्मविश्वासाचे मार्क दिले असते तर १ मिळाला असता, फोन करताना आवाज फुटत नव्हता. पण मोजलं होतं, त्यामुळे सांगायला काहीतरी होतं हातात.

नवखी२
थेंबताई, अंगावर काटा आला. मी आजच सहा पेशंटचे १८ लिहिलेत. उद्यापासून नाही.

पांढरे_बूट
मी ३६ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. सावली, तुझा प्रश्न आवडला पण "प्रेमळ" काढून टाकायच्या मी विरोधात आहे, स्पष्ट सांगते.

सवय शिकवता येते हे मान्य. पण नुसती सवय लागलेल्या मुलीसुद्धा मी बघितल्यात. पडदा ओढतात, नाव विचारतात, "आता मी तुम्हाला कुशीवर वळवतेय हं" असं म्हणतातसुद्धा, आणि सगळं रेकॉर्ड लावल्यासारखं. पेशंटला कळतं हो. स्पंजिंग करताना पाणी कोमट आहे ना हे आधी आपल्या हातावर बघणं, एक हात धुताना बाकीचं अंग झाकलेलं ठेवणं, हे यादीत लिहून होतं. पण म्हाताऱ्या माणसाला अनोळखी पोरीसमोर अंग उघडं टाकताना काय वाटत असेल, हे ज्याच्या मनात येतं तो यादी नसतानाही झाकतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली नर्सिंगवर जे पुस्तक लिहिलं त्यात एक गोष्ट आहे, ती मी प्रत्येक बॅचला सांगायचे. रोग्याच्या खोलीबाहेर दाराशी उभं राहून कुजबुजत बोलू नका, कारण आत पडलेला माणूस ते आपल्याबद्दलच आहे असं धरून कान देऊन राहतो आणि त्याला त्याचा त्रास होतो. आजही राउंड झाला की दाराबाहेर हेच चालतं. हे त्या बाईंना कुठल्या चार्टवरून कळलं? आत पडलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं म्हणून कळलं.

थेंब_थेंब
@पांढरे_बूट सिस्टर, पटतंय आणि नाही पण. त्या बाई आकडेवारीत पण पक्क्या होत्या ना, क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले हे त्यांनी आकृती काढून सरकारला दाखवलं. म्हणजे माया होती, पण ती मोजमापापर्यंत पोचली. मी म्हणतेय फॉर्ममध्ये मायेचा रकाना ठेवला तर मार्क गोड बोलणाऱ्यालाच मिळतात. क ला मिळत नाहीत. आणि तुम्ही म्हणताय तसं बघितलं तर पलंगाला वळसा घालणारी क सगळ्यात मायाळू!

पांढरे_बूट
हे मात्र खरं. तिला माझ्याकडून ५.

गप्पिष्ट_काका
मी पेशंटच्या बाजूने बोलतो, चालेल ना? मांडीचं हाड मोडून १९ दिवस पडून होतो. औषधं कुठली दिली काही आठवत नाही. दोन सिस्टर आठवतात.

एक खूप गोड, हसतमुख, येता-जाता "काय काका, कसे आहात" म्हणायच्या. मी तोंड उघडेपर्यंत पुढच्या बेडला. दुसऱ्या फारशा हसायच्या नाहीत. पण त्या स्टूल ओढून बसायच्या. दोनच मिनिटं असतील, पण बसल्या की वाटायचं आता सांगता येईल. त्यांनाच मी सांगू शकलो की संडासचं भांडं मागायची लाज वाटते म्हणून मी पाणीच कमी पितोय. दुसरं म्हणजे त्या "आलेच" कधी म्हणायच्या नाहीत. "२० मिनिटांनी येते" म्हणायच्या आणि २० मिनिटांनी यायच्या. एकदा जमणार नव्हतं तर मावशींना पाठवून कळवलं की अजून अर्धा तास लागेल. पडून राहिलेल्या माणसाला घड्याळाशिवाय काय असतं बघायला?

मुक्ता_मन
काका, "आलेच" वर तुम्ही जे लिहिलंय ते प्रत्येक वॉर्डात लावायला हवं. +१००

नवखी२
मी दुसऱ्या वर्षाला आहे, मी पण क सारखीच. ती का बोलली नसेल ते मला माहितीये असं वाटतं म्हणून लिहितेय.

पहिल्या वर्षी एका पेशंटची सलाईनची जागा सुजलेली दिसली, हात गार आणि ताठ. मी हँडओव्हरच्या वेळी (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना देतात तेव्हा) बोलले. तिथल्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, तू शिकायला आलीस की शिकवायला? नंतर अर्ध्या तासाने त्यांनीच ती सुई काढली, म्हणजे मी बरोबर होते, पण मला कुणी काही म्हणलं नाही. त्यानंतर मी जे दिसतं ते वहीत लिहून ठेवते आणि गप्प बसते. आता ही माझी सवय झालीये, वाईट आहे हे कळतं. पण फॉर्ममध्ये "आत्मविश्वास २" लिहिलं की वाटतं तो दोष जन्मापासून माझ्यातच आहे.

सावली_दुपारची
नवखी, हे लिहिलंस त्याबद्दल तुझे आभार मानते. मी अजून क ला विचारलंच नव्हतं. तिला का बोलावंसं वाटलं नाही, हे न विचारता मी इथे मार्कांची चर्चा करत बसले. उद्या विचारते.

ब्रदर_रात्रपाळी
नवखी, तुझ्याबाबतीत चूक त्या सिस्टरांची होती. पण सगळे वरिष्ठ सुधारायची वाट बघत बसलो तर पेशंटचा हात सुजतच राहणार, म्हणून बोलायची पद्धत शिकून घे. धीर नंतर आपोआप येतो, आधी वाक्य तयार पाहिजे.

आम्हाला एसबार (SBAR) शिकवलेलं, म्हणजे निरोप नेमका कसा द्यायचा त्याची पद्धत. अमेरिकी नौदलाच्या अणु-पाणबुड्यांमधून ही पद्धत आली, नंतर हॉस्पिटलांनी उचलली. चार पायऱ्या. आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. थेंबताईंचा पेशंट घेऊन बोलायचं तर: "सर, सर्जिकल वॉर्डातून बोलतेय, बेड ७, पेशंट अस्वस्थ आहे, श्वास २८, नाडी ११८, हात गार. काल दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळी नाडी ८४ होती. मला आतून रक्तस्राव होत असेल अशी शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावं." झालं. अर्धं मिनिट. यात धाडस कुठे लागलं? वाचून दाखवलं तरी चालतं, मी सुरुवातीला कागदावर लिहूनच फोन लावायचो.

बहुतेकांची गाडी चौथ्या पायरीवर अडते. तीन पायऱ्या सांगून "तर... सर..." म्हणून गप्प. समोरचा झोपेत असतो, तो म्हणतो बरं, लक्ष ठेवा. काय हवंय ते सांगायचंच, या म्हणायचं.

आणि नाही ऐकलं तर? तर शब्द एकेक पायरी चढवायचे. आधी "मला काळजी वाटतेय", मग "मला हे बरोबर वाटत नाहीये", मग "हे पेशंटसाठी धोक्याचं आहे". आवाज न चढवता. तिसरं वाक्य ऐकून झोपलेला माणूस मी अजून बघितला नाही.

अक्षर_गणित
मी फार्मसीत आहे, नर्सशी दिवसाला पन्नास वेळा बोलणं होतं. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा गुण म्हणजे न लाजता परत विचारणं.

उदाहरण देतो. इन्शुलिनच्या ऑर्डरमध्ये "युनिट" पूर्ण लिहायच्या ऐवजी इंग्रजी यू लिहिला आणि तो वरून जुळला की शून्य दिसतो, १० चे १०० होतात. डोसमध्ये २ च्या पुढे दशांश चिन्ह देऊन शून्य लिहिलं आणि टिंब पुसट आलं की २ चे २०. उलट अर्धा मिलिग्रॅम लिहिताना आधीचं शून्य गाळलं की टिंब दिसत नाही आणि ५ वाचला जातो. अक्षर कुणाचं खराब हा वादच नको, ज्याला शंका आली त्याने थांबून फोन करायचा. आमच्याकडे एक सिस्टर आहेत, त्यांचा फोन आला की "परत विचारतेय हं" अशीच सुरुवात होते. दहापैकी नऊ वेळा त्यांचं बरोबर असतं. त्या दहाव्यासाठी त्या विचारतात आणि मी दर वेळी फोन उचलतो.

कोपऱ्यातला
भाबडा प्रश्न: गणित येणं हा वैयक्तिक गुण कसा? ते तर अभ्यासात आलं ना?

अक्षर_गणित
गणित अभ्यासातलंच. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय, २० थेंबांना १ मिली असलेला सेट, तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, ४१.६७ म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. हे परीक्षेत सगळ्यांना येतं. पण वॉर्डात तीन नातेवाईक बोलत असताना, फोन वाजत असताना, "एक मिनिट, मी हे मोजतेय, मग बोलते" असं म्हणून पाठ फिरवता येणं, तो गुण. आणि मोजून झाल्यावर शेजारच्याला "तू पण काढ, माझा आकडा सांगत नाही" असं म्हणणं. आकडा आधी सांगितला की दुसरा नुसती मान डोलावतो.

कोपऱ्यातला
पटलं! हे माझ्या हिशेबाच्या नोकरीत पण लागू करतो.

लहानगी_वॉर्ड
मुलांच्या वॉर्डातून माझे दोन शब्द. खोटं न बोलणं.

सुई टोचताना "काही नाही दुखणार" म्हणायची सगळ्यांना सवय, आई-वडील पण तेच म्हणतात. एकदा दुखलं की ते मूल पुढे तुमच्या थर्मामीटरला पण रडतं. मी सांगते, "टोचेल, मी पाच म्हणेपर्यंत दुखेल, मग कमी होईल, हात मात्र हलवायचा नाही, ओरडायचं तेवढं ओरड." एक पाच वर्षांचा मुलगा होता, रोज सुई. तिसऱ्या दिवशी त्यानेच हात पुढे केला आणि स्वतः आकडे मोजले. तीनच्या नंतर पाच म्हणाला आणि मीही नेमकी तेवढ्यात संपवली, दोघं खूश.

आणि दुखणं मोजताना चेहऱ्यांची चित्रं दाखवतो ना आपण, हसरा ते रडका, तिथे मूल रडक्यावर बोट ठेवतं आणि आपण म्हणतो छे, आत्ता तर खेळत होतास. हे करू नका. खेळणारं मूल पण दुखत असतं, खेळात विसरतं एवढंच.

थेंब_थेंब
मोठ्यांनाही हेच लागू. मार्गो मॅकॅफरी या नर्सनेच १९६८ मध्ये मांडलं की दुखणं म्हणजे पेशंट म्हणतो ते, आणि तो म्हणतो तेव्हा ते असतं. आपण मात्र "एवढं नसेल दुखत" हे चेहऱ्यावरून ठरवून मोकळे.

ब्रदर_रात्रपाळी
अवांतर: कुणी बुटांबद्दल बोलणार आहे का? १२ तास पायांवर.

पांढरे_बूट
माझं नाव वाचून विचारलंस ना! बूट बंद हवेत, अर्धा अंगठा जागा पुढे मोकळी, संध्याकाळी विकत घ्यायचे कारण तेव्हा पाय सुजलेले असतात. मांडी-पोटरीच्या शिरा फुगायला लागल्या तर डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे वेळेत घ्या, मी उशिरा घेतले. आणि पाठ! एकटीने पेशंट उचलायचा नाही म्हणजे नाही. पलंग कमरेच्या उंचीला आणायचा, गुडघे वाकवायचे, पेशंट अंगाजवळ, कंबरेतून पिळायचं नाही, सरकवायची चादर असेल तर ती वापरायची. "मी करते एकटी" म्हणणाऱ्या माझ्या तीन मैत्रिणी पाठीचे ऑपरेशन करून घरी बसल्या. मदत मागणं हा पण तुझ्या फॉर्ममध्ये घाल ग सावली.

नवखी२
आमच्यात मदत मागितली की कामचुकार समजतात.

पांढरे_बूट
समजू देत. पाठ त्यांची नाही.

मुक्ता_मन
मी समुपदेशक आहे, हॉस्पिटलातल्या स्टाफसोबत काम करते. "सहनशील" या रकान्याबद्दल बोलायचं होतं. मला त्या शब्दाची भीती वाटते. सहनशीलतेचे ५ मिळालेल्या मुलीच माझ्याकडे पुढे दोन-चार वर्षांनी येतात, झोप उडालेली, ड्युटीला जायच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा.

विद्यार्थ्यांचा पहिला मृत्यू फार महत्त्वाचा असतो. बहुतेक ठिकाणी काय होतं, पेशंट गेला, शेवटची तयारी करायला विद्यार्थ्यांनाच पुढे करतात, चादर बदलतात, दुसरा पेशंट येतो, आणि शिकवणारं कुणी त्याबद्दल एक वाक्य बोलत नाही. मुलं समजतात न बोलणं हेच बरोबर. एका वॉर्डात मी बघितलं, तिथल्या इन्चार्ज सिस्टर पेशंट गेल्यावर सगळ्यांना पलंगाभोवती उभं करायच्या, अर्धा मिनिट, कुणी काही बोलायचं नाही, मग म्हणायच्या "यांचं आपण जे करू शकत होतो ते केलं, आता नीट निरोप देऊ." नंतर जेवणाच्या सुट्टीत त्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारायच्या, कसं वाटलं. बस्स एवढंच. रडणाऱ्याला रडू द्यायच्या, न रडणाऱ्याला दगड म्हणायच्या नाहीत.

ब्रदर_रात्रपाळी
मुक्ताताई, माझ्या पहिल्या वेळी मला सांगितलेलं की पुरुष आहेस, तू कर. कुणी विचारलं नाही. अजून त्या माणसाच्या पायाचा कापलेला अंगठा आठवतो, जुनी जखम होती, मी त्यावर विनाकारण नवीन ड्रेसिंग केलं होतं. का केलं कळत नाही.

मुक्ता_मन
दादा, विनाकारण नव्हतं ते.

लहानगी_वॉर्ड
"प्रामाणिक" वर कुणीच बोललं नाही अजून, मी लिहिते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, तेव्हा मोठ्यांच्या वॉर्डात होते, एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारी शेजारी. मी बीपीची गोळी चुकीच्या माणसाला दिली. नाव विचारलं नव्हतं, "तुम्ही अमुक ना" असं आडनाव घेऊन विचारलं, ते हो म्हणाले, खरंच तेच आडनाव होतं त्यांचं. (म्हणून मुलांना सांगते, नाव आपण सांगायचं नाही, त्यांना सांगायला लावायचं, आणि हातावरचा पट्टा बघायचा.) लक्षात आलं तेव्हा दोन मिनिटं झाली होती. त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यात जे जे आलं ते आठवून आजही लाज वाटते, गोळी छोटी आहे, काही होणार नाही, कुणाला कळणार नाही.

गेले आणि इन्चार्जना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "किती वाजता दिली?" डॉक्टरांना कळवलं, पेशंटला स्वतः जाऊन सांगितलं, दर १५ मिनिटांनी बीपी घेत बसलो, एकदा ९४ पर्यंत गेलं, पाय वर करून ठेवले, नंतर सावरलं. ज्यांची गोळी राहिली होती त्यांना ती दिली. मग त्या दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत हलवलं आणि दारावर लाल कार्ड लावलं, एकसारखी नावं म्हणून. मला ओरडा नंतर पडला, पण तो एकटीला बोलावून. त्यांनी तेव्हा सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं तर पुढची चूक मी सांगितली असती का, माहीत नाही.

अक्षर_गणित
"किती वाजता दिली?" हा प्रश्न विचारणारी माणसं लाखमोलाची.

सावली_दुपारची
मंडळी, चार दिवस लिहायला जमलं नाही. बरंच झालंय ते सांगते.

क शी बोलले. जेवणाच्या सुट्टीत, बाकाकडे नेऊन, काकांचं ऐकून आधी बसले. तिला विचारलं की उजव्या कानाचं तू त्याच दिवशी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल, मलाच उशिरा कळलं." म्हणजे नवखीसारखं तिला कुणी तोडलेलं नव्हतं. तिचा समज असा की वॉर्डात तिच्याआधी सगळ्यांना सगळं माहीत असतं. हे मला सुचलंच नसतं. मी तिला आजींचे तीन शिफ्टचे कागद दाखवले, तारखा-वेळांसह. ती बराच वेळ बघत राहिली.

फॉर्मचं म्हणाल तर मी नवीन मसुदा केलाय. "उत्साही" आणि "सहनशील" गेले. त्याऐवजी श्वास पूर्ण मिनिट मोजते का, काय दिसलं ते त्याच शिफ्टमध्ये कुणाला तरी सांगते का, शंका आल्यावर थांबून विचारते का, सांगितलेल्या वेळेला पेशंटकडे परत जाते का, वजन उचलताना मदत मागते का, असं आलंय. चूक झाल्याची बातमी किती वेळात दिली हेही घातलंय, पण त्यावर आमच्याकडे वाद चालू आहे, काही जण म्हणतात याला मार्क दिले की मुलं चुका लपवतील. मलाही आता तसं वाटायला लागलंय, तुमचं मत सांगा. आणि खाली एक नवीन रकाना शिकवणाऱ्यासाठी: विद्यार्थ्याने काही सांगितलं तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत. तो मी स्वतः भरणार.

"प्रेमळ" वर मी अडलेय. पांढरे_बूट सिस्टर, तुमचं पटलंय पण मार्क कसे देऊ कळत नाही.

पांढरे_बूट
मार्क देऊच नकोस. एक ओळ मोकळी सोड आणि वर लिही, "या विद्यार्थ्याने पेशंटसाठी न सांगता केलेली एक गोष्ट." तुला ती लिहिता आली नाही तर तू पुरेसं बघितलं नाहीस असं समज.

लहानगी_वॉर्ड
चूक सांगण्याच्या रकान्याचं: मार्क काढा. ते फॉर्मवर नको, इन्चार्जच्या वागण्यात हवं. माझ्या वेळी कुठलाही फॉर्म नव्हता.

थेंब_थेंब
सहमत. मोकळी ओळ एकदम झकास. क च्या ओळीत काय लिहिणार ते माहीतच आहे आता.

नवखी२
सावलीताई, क ला सांगाल का की मी पण तसंच समजायचे, की सगळ्यांना आधीच माहीत असतं. आणि मी मंगळवारी बोलले. बेड ३ च्या काकांच्या टाचेला लाल डाग होता, बोट दाबून सोडलं तरी पांढरा होत नव्हता. ब्रदरदादांसारखं कागदावर लिहून नेलं. सिस्टर म्हणाल्या बरं. पोटरीखाली उशी देऊन टाच उचलून ठेवली आणि दर दोन तासांनी वळवायचं कार्ड लावलं. "बरं" एवढंच म्हणाल्या.

ब्रदर_रात्रपाळी
"बरं" म्हणजे पुरे झालं. शाब्बास.

गप्पिष्ट_काका
त्या टाचेच्या काकांच्या वतीने मी आशीर्वाद देतो. मला झाली होती टाचेला जखम, भरायला दोन महिने लागले.

सावली_दुपारची
आजच्या सकाळचं सांगते आणि मग ड्युटीला पळते. नवीन वॉर्डात आज बॅचतर्फे पहिला हँडओव्हर क ने दिला. मी शेजारी उभी होते, मध्ये बोलायचं नाही असं ठरवून. हातात वही, आवाज बारीक, मागच्या दोघींना ऐकू येत नव्हतं, एकीने "जरा मोठ्याने" म्हणलं तर थांबली, परत पहिल्यापासून सुरू केलं. बेड ४ ला आल्यावर म्हणाली, "श्वास पूर्ण मिनिट मोजला, २४ आहे. रात्रीच्या चार्टवर १८ लिहिलंय, मला ते बरोबर वाटत नाहीये. तुम्ही आत्ता बघाल का?"

इन्चार्ज सिस्टरनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "किती वाजता मोजलास?" आणि दोघी बेड ४ कडे गेल्या.